तणसातला मदरबोर्ड

आमच्या ताईचा पहिला कॉम्प्युटर जेमतेम एक शब्द टाइप होईपर्यंत चालला. तो मी बनवला होता.

ताई वरूडला दिलेली. भाऊजींचा धंदा संत्री पेट्यांत भरून ट्रकवर चढवायचा, आणि त्या वर्षांत बागाच उभ्या वाळत होत्या. मग ताईनं अमरावतीला जाऊन पत्रिका टाइप करायचा कोर्स केला. लोक लग्नं पुढं ढकलत होते; तेरवी मात्र पुढं ढकलता येत नाही. शेजारच्या प्रमोदचे वडील म्हातारपणानं गेले आणि त्यांच्या तेरवीची पत्रिका हे तिचं पहिलं काम ठरलं. हे नीट झालं तर गावातली बाकीची कामं येणार होती आणि घरात निदान किराणा आला असता.

तिच्याकडं जागा म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. मी अकोल्याहून फोनवर म्हटलं, "लहान मदरबोर्ड घेतो, लहानशा डब्यात घालून कोनाड्यात बसवून देतो." (मी तोवर एक कॉम्प्युटर उघडून परत बंद केला होता. तो नंतरही चालला, म्हणून मी इंजिनिअर!)

लहान मदरबोर्ड दुकानात फार गोड दिसतो. घरी आणल्यावर कळतं, बोर्ड लहान झाला, आपली बोटं नाही झाली. मेमरी लावावी तर पंखा आडवा येतो, पंखा सरकवावा तर वायर पुरत नाही, वायर पुरवावी तर झाकण लागत नाही. पत्र्यानं बोटं कापली ती वेगळीच. शेवटचा स्क्रू हातातून सुटला आणि बोर्डाखाली जाऊन बसला. डबा उलटा केला, हलवला, शिव्या दिल्या. निघेना. चालू करून पाहिला तर चालला, म्हणून मी तो नाद सोडला.

न्यायला भाऊजी आले ते संत्र्याची रिकामी पेटी आणि पोतंभर भाताचं तणस घेऊनच. डबा कानाशी धरून हलवला.

"आतमंदी काय वाजून राह्यलं?"

"काई नाई भाऊजी, एक स्क्रू हाये."

"वाजते म्हंजे मालाले मार बसते. तुमी आंघोळ करून या, मी भरतो."

आंघोळ करून आलो तर पेटी बांधून तयार. हलवली, चूं की चां नाही. मी इतका खूश झालो, की कसं केलं ते विचारलंच नाही.

वरूडला पोचल्यावर डबा कोनाड्यात अगदी मापात बसला. ताईनं हळद-कुंकू लावून बटण दाबलं. पडद्यावर 'कैलासवासी' उमटलं, आणि पुढं नाव यायच्या आत डब्यातून धूर निघाला.

वायर ओढून झाकण काढलं. मदरबोर्ड दिसतच नव्हता. आत काठोकाठ तणस, दाबून भरलेलं, आणि त्यात पंखा गच्च अडकलेला.

"भाऊजी, हे काय?"

"तणस. दिल्लीपर्यंत माल जाते ह्याच्यात, एक फळ दबत नाई." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "काहून? काढा लागते का?"

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बटणावरचं कुंकू पदरानं पुसलं. धूर पाहून प्रमोद दारात आला होता. म्हणाला, "ताई, आमचे बाबा गेले, तुमची मशीनबी गेली. एकाच पत्रिकेत टाकून द्या दोघाईले." तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पत्रिका शेवटी अमरावतीहून छापून आणली. ती तेरवीच्या आदल्या दिवशी हाती आली आणि निम्म्या पाहुण्यांपर्यंत पोचलीच नाही. ताईकडं परत कोणी काम घेऊन आलं नाही.

तेरवीला मी गेलो. पंगत अर्धी रिकामी, बुंदीची टोपली तशीच भरलेली. वाढायला ताईच होती. माझ्या पानात तिनं वाढली, परत वाढली.

"बस झालं, ताई."

"खाय. ज्याईले पत्रिका भेटली नाई, त्या साऱ्याईच्या वाटचं तुलेच खा लागते."

मी सगळं खाल्लं. बुंदी चांगली झाली होती, पण हे ताईला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.