राउटरवरची विभूती

विभूतीचा वास आला की मला खंडेनवमीची ती सकाळ आठवते. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेली ती शेवटची पूजा. विळा, खुरपं, शिलाई मशीन मांडलं, आणि तिनं भिंतीवरच्या राउटरवरही पाणी शिंपडून ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली. म्हणाली, "लेकीचं तोंड हेच तर दाखवतंय." संध्याकाळी पुण्याहून लेकीचा व्हिडिओ फोन आला, तर चित्र अडकून बसलं. आवाज तुटायला लागला. बायको म्हणाली, "आवं, माणूस बोलवा की." मी म्हणालो, "मरंना का तो डबा, बघू सावकाश." चौथ्या दिवशी छातीत कळ आली आणि तीच गेली, लेकीचं तोंड न बघता. लेक येऊन, सगळं उरकून परत गेली, मग मी नांदेडहून माणूस बोलावला. त्यानं वायर काढून आत बॅटरी मारली. "काका, वायर चांगली हाय. भोकात राख बसलीय, तारा नीट टेकून नाही राहिल्या. हजाराच्या स्पीडवर चालायचं ते दहावर आलंय." त्यानं ब्रशनं राख काढली. पिवळा दिवा हिरवा झाला. मग त्यानं सगळा डबा फडक्यानं लख्ख पुसला. तिची तीन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी विभूती कालवली आणि त्याच जागी ओढली. माझी बोटं जाड. पुसली, परत ओढली. तिच्यासारखी आली न्हाईत.