आत ये, दार लाव

फोन वैद्यवहिनींचा होता. नारायण पेठेत आमच्या वन्संच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या राहतात. "दुपारच्या चहाला हाक मारली, ओ आली नाही, म्हणून माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं... नलू, कमलताई गेल्या गं. खुर्चीतच. मांडीवर मटारचं ताट, डोळ्यांवर चष्मा..." त्या रडत होत्या. मी मात्र फोन ठेवला आणि आधी एक मोठा श्वास सोडला. सुटल्या! नळ्या नाहीत, यंत्रं नाहीत, कुणाच्या हातानं पाणी पिणं नाही. आयुष्यभर कुणाचा हात न धरता रस्ता ओलांडलेल्या बाईला ज्याची धास्ती होती, ते काहीच वाट्याला आलं नाही. नणंद गेल्यावर भावजयीनं असं लिहावं की नाही, ठाऊक नाही. पण आता काही आठवडे उलटले तरी दुःखाआधी मनात हेच येतं, की बरं झालं, छान गेल्या.

कमलताई म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला, ना चढणारा, ना घाईचा. निवृत्तीनंतर रोज सकाळी टेकडी चढायच्या. गुडघ्यांनी ती बंद केली तेव्हा काही दिवस घुम्या झाल्या होत्या. मग एकदा मोबाइलवर काहीतरी शोधताना त्यांना एक अभ्यासक्रम सापडला. आपत्ती आली तर काय करायचं, आग, भूकंप, पूर, जखमी माणूस, सगळं घरबसल्या शिकायचं, आपल्या सवडीनं, एक पैसा न देता. "फुकट आहे, शिवाय नापास झालं तरी कुणाला कळत नाही," असं त्यांनी मला सांगितलं आणि त्याच दिवशी नाव घातलं.

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी बाई अशा नादी लागली की आमच्या मोबाइलवरच्या गप्पांना विषय मिळाला. धडे इंग्रजीत. एखादा शब्द अडला की मला फोन. हे चिडवायचे, "ताई, भूकंप कधी आणतेस?" त्यावर वन्सं शांतपणे म्हणायच्या, "तू स्वयंपाकघरात शिरलास की येतोच." एका रविवारी वारज्याला आमच्याकडे आल्या आणि आम्हा दोघांना डोळे मिटून, भिंतीला हात लावत, झोपण्याच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत चालायला लावलं. यांनी चपलांचं कपाट पाडलं. आम्ही हसून हसून बेजार. त्या हसल्या नाहीत. "धुरात हे हसू येणार नाही, श्रीकांत," एवढंच म्हणाल्या. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही त्यांनी जिन्यातल्या जुन्या सायकली नि मोडकी टेबलं हलवायला सांगून पाहिलं. "आजी, आपण इथल्या सभासद नाही," असं उत्तर मिळालं. "मी नाही, पण धूर होईल सभासद," म्हणाल्या आणि उठल्या.

एक धडा मात्र त्यांना काही केल्या सुटेना. संकटातून वाचलेल्या माणसाच्या मनाला धीर कसा द्यायचा, तो. प्रश्नाच्या चार उत्तरांतून वन्सं दर वेळी सल्ला देणारं उत्तर निवडायच्या आणि दर वेळी ते चूक निघायचं. "म्हणे नुसतं जवळ बसा, ऐका! नुसतं ऐकून कुणाचं भलं झालंय?" मला फोन करून त्या परीक्षकावर तणतणायच्या.

गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. पाचवा मजला. लिफ्ट आहे म्हणून सोय होती. त्या दिवशी सकाळी हे भाजी आणायला खाली गेले होते. वन्सं वॉकर धरून हॉलमध्ये फेऱ्या घालत होत्या. अचानक दिवे गेले आणि पाठोपाठ आमच्या दारावर थापा पडल्या. समोरच्या फ्लॅटमधली अश्विनी. अमरावतीकडची मुलगी, नवरा-बायको दोघंही आयटीत. ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि नवरा ऑफिसला गेलेला. कडेवर बाळ, पायांत चपला नाहीत. "काकू, खाली मीटरच्या खोलीला आग लागली! चला लवकर, जिन्यानं जाऊ!" तिच्या मागे जिन्यातून काळा धूर वर येताना मला दिसला. माझे पाय आपोआप चपलांकडे वळले. वन्संना कसं न्यायचं, हा विचारसुद्धा मला सुचला नाही...

"अश्विनी, खाली नाही. आत ये. दार लाव."

इतकंच. तोच टेलिफोनवरचा आवाज. अश्विनी ओरडली, "आत्या, अहो, आपण इथं अडकून मरू! बाळ आहे माझं!"

"जिन्यात धूर आहे. इथे गॅलरी आहे. बाळाला घेऊन आत ये."

ती क्षणभर उंबऱ्यावरच थांबली. मग आत आली. मी दार लावलं. पुढचं सगळं वन्संनी खुर्चीत बसून करून घेतलं. एका वेळी एकच काम, छोट्या छोट्या वाक्यांत. गॅस बंद कर. टॉवेल ओले कर. दाराच्या फटीत घट्ट बसव. मग आम्ही तिघी नि बाळ गॅलरीत गेलो आणि गॅलरीचं दार बाहेरून ओढून घेतलं. वन्संनी अग्निशमन दलाला फोन केला, मग यांना. हे खाली फाटकापाशी होते, वर धावत यायला निघालेले, रखवालदारानं त्यांना धरून ठेवलेलं. "श्रीकांत, वर येऊ नकोस. जवान आले की सांग, पाचवा मजला, रस्त्याकडची गॅलरी, तीन बायका आणि एक तान्हं बाळ. आता परत म्हणून दाखव." यांनी रडत रडत म्हणून दाखवलं. मी अश्विनीची लाल ओढणी कठड्यावरून हलवत राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. बाळ मध्येच झोपून गेलं. आग विझली, धूर विरला, आणि तोंडाला मुखवटे लावलेले जवान आमच्या दारात आले. त्यांच्यातला एकजण जिन्यातल्या सायकलीला अडखळून गुडघा फोडून आला होता. ओल्या टॉवेलांकडे बघत तो म्हणाला, "हे कुणी सांगितलं करायला? बरोबर केलंत. जिन्यात उतरला असतात तर दुसऱ्या मजल्यापर्यंतही पोहोचला नसतात." तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उतरले होते. त्यांना बेशुद्ध अवस्थेत बाहेर काढावं लागलं. काही दिवसांनी तेही सुखरूप घरी आले, देवाची कृपा. वन्सं जवानाला म्हणाल्या, "म्हणजे पास झाले म्हणायचं."

त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. हे बहिणीच्या पायांशी येऊन बसले. पण मला जास्त आठवतं ते त्यानंतरचं. शेजारच्या इमारतीच्या कट्ट्यावर अश्विनी बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती. "मी उतरणारच होते, आत्या... मी बाळाला घेऊन त्या धुरात उतरणारच होते..." पुन्हा पुन्हा तेच. मला वाटलं, आता वन्सं सांगणार, की पाणी पी, झालं ते झालं, विसर. त्या काहीच बोलल्या नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या, ती बोलून दमेपर्यंत. तिचा नवरा धापा टाकत आला तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "अवघड असतं गं, गप्प बसणं."

जिना पुढच्या आठवड्यात रिकामा झाला. अध्यक्ष स्वतः सांगायला आले होते. गुडघे बरे झाल्यावर वन्सं नारायण पेठेत परतल्या आणि पुढचं सव्वा वर्ष त्यांनी एकटीनं, हौसेनं काढलं. दहाव्याला अश्विनी आली होती. आता चालायला लागलेलं तिचं बाळ घाटावर कावळ्यांच्या मागे धावत होतं. त्याच्याकडे बघताना आम्हाला कुणालाच फारसं रडू आलं नाही...

परवा आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी नाटकाला गेलो. मी खुर्चीत बसले, पण हे उभेच. रंगमंचाकडे पाठ करून, मान वळवून वळवून काहीतरी शोधत होते. मागच्या रांगेतल्या गृहस्थांना राहवलं नाही. "अहो, नाटक पुढे आहे." हे म्हणाले, "हो, कल्पना आहे. बाहेर जायची दारं कुठे आहेत ते बघतोय. आमच्या ताईची पद्धत आहे, दारं बघितल्याशिवाय ती बसायची नाही." मग बोटानं मला दाखवलं, डावीकडे एक, मागे दोन. आणि निश्चिंतपणे बसले.

दिवे मंद होईपर्यंत मागचे गृहस्थही मान वळवून दारं बघत होते.