थेल्माचे साप

थेल्मा पास्को लहान होती, तेव्हा तिनं अंथरुणातून आईबापांचं भांडण ऐकलं होतं. धाकटं भावंड नुकतंच छातीच्या तापानं गेलं होतं. बाप ओरडत होता, "रान तोडून मी लाकडं आणतो, नि तुझी ऊब दाराखालून पळते! त्या फटीनं पोर खाल्लं माझं!"

दुसऱ्या दिवशी पोरीनं बापाच्या जुन्या विजारीचा पाय कापला, वाळू भरून शिवला नि दाराच्या पायाशी लावून ठेवला. आमच्या टास्मानियात त्याला दाराचा साप म्हणतात. घरोघरी एखादा असतो. थेल्माकडे पुढं वारूळच झालं.

गाव हसे, "थेल्माच्या घरातनं ऊबसुद्धा विचारून बाहेर पडते!" हसेनात का, सगळ्या आळीत कमी जळण तिच्याकडेच लागे.

म्हातारपणी लाकडं फोडवेनात, म्हणून तिनं नि तिच्या नवऱ्यानं, क्लॅरीनं, गॅसचा हीटर घेतला. त्याला धुरांडं नव्हतं. बसवणारा बजावून गेला, "आजी, भिंतीतली ही जाळी बुजवू नका हं. घराचं नाक आहे ते."

थेल्मानं मान डोलावली. थंडी पडली, जाळी शीळ घालू लागली, नि तिनं घोंगडीचा बोळा कोंबला.

मग एका सकाळी पिंजऱ्यातला पोपट पाय वर करून पडलेला.

"वारा लागला बिचाऱ्याला," थेल्मा म्हणाली. "कुठंतरी फट राहिलीये."

"माझंही डोकं जड झालंय गं," क्लॅरी कण्हला.

"तुलाही तोच बाधलाय. टोपी घाल."

पोपटाचं नि क्लॅरीचं ऐकून शेजारच्या एडनानं कुंपणावरून हटकलं, "आणि तुझं डोकं?"

"अंगणात आले की उतरतं."

"अगं बये, मग घरातच काहीतरी आहे!"

"आहेच तर. वारा."

एडनानं कपाळाला हात लावला. थेल्मा आत जाऊन क्लॅरीची चांगली विजार कापायला बसली.

संध्याकाळी नवा साप तयार झाला. क्लॅरी खुर्चीतच पेंगत होता. तिनं त्याच्या गुडघ्यांवर शाल टाकली, हीटर पेटवला, एकेका दाराशी वाकत गेली. मागचं दार राहिलं होतं. दोन दिवसांनी हाकेला ओ येईना, तेव्हा एडनानं खांदा लावून उघडलं, ते हेच. थेल्मानं नवा साप तिथं ठेवला नि रोजच्यासारखा पायानं नीट चेपून बसवला.