पिवळी चरबी, पांढरी चरबी

नागपूर विमानतळावर बाबा दुकानातल्याच कपड्यांत आले होते. वर्ध्याला आमचं पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंडीचा वास त्यांच्या शर्टातून कितीही धुतला तरी जायचा नाही. "पोचली की फोन करजो माय," एवढंच ते म्हणाले. आई जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे रडण्याचं खातं आमच्याकडे रिकामंच होतं. २०२०चा फेब्रुवारी होता. दिवाळीला येतेच, असं मी म्हणाले. त्या वर्षी देश सोडून निघालेल्या तुम्हा सगळ्यांनी घरी हेच सांगितलं असेल.

परदेशातल्या नव्या शहराच्या कडेला, सिटीवेस्टच्या ऑफिसात मी जेमतेम तीन आठवडे लुआस ट्रामनं गेले. मग लॉकडाऊन लागला आणि ऑफिस माझ्या किचन टेबलावर येऊन बसलं. काम असं, की मांसाचा फोटो बघून जनावराला काय खाऊ घातलं होतं ते ओळखणारा प्रोग्रॅम बनवायचा. शेवटपर्यंत कुरणात चरलेल्या गाईची चरबी पिवळसर असते. अखेरचे महिने गोठ्यात बार्लीची भरड खाल्लेलीची पांढरी, आणि मांसात बारीक पांढऱ्या रेघा. गिऱ्हाईक पाकिटावरचं हिरवं कुरण बघून जास्त पैसे मोजतं, म्हणून कुणीतरी खरंखोटं तपासायला हवं. प्रोग्रॅमला शिकवण्यासाठी आधी माणसानं हजारो फोटोंना लेबलं लावायची होती. ते माणूस मी.

मला ते फार लवकर जमलं. लहानपणी बाबा तूप बोटावर घेऊन दाखवायचे. पिवळं म्हणजे गाईला ओला चारा मिळालाय, रवाळ म्हणजे म्हैस सरकीवर आहे. माझी टीम लीड नीव म्हणायची, "तुझी नजर ग्रँड आहे." ती नजर कुठून आली ते मी तिला सांगितलं नाही, आणि ती कुठे वापरते ते बाबांना.

त्यांना सांगितलं होतं, दुधाचं सॉफ्टवेअर. पहिली पोळी गाईला दिल्याशिवाय जेवायला न बसणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? खोटं बोलणं सोपं गेलं, कारण गाई त्याच होत्या. रोज दुपारी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल व्हायचा. "आज काय खाल्लं वं तुह्या गाईनं?" मी सांगायची. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात गोठ्यात मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. मुरघासाचं ऐकून ते खूश व्हायचे. आपल्याकडे कितीही सांगा, लोक तो करत नाहीत, म्हणायचे. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. तेही गेलं तर, याची मला भीती वाटायची. बाकी कशाचं फारसं काही वाटेनासं झालं होतं.

त्याच उन्हाळ्यात निर्बंध थोडे सैल झाले, तेव्हा नीवनं डून लेरी या उपनगरातल्या तिच्या बागेत चौघांना बोलावलं. दोन ताटल्या, दोन प्रकारचं बीफ, चव घेऊन फॉर्म भरायचा. "तू नको खाऊस, अजिबात गरज नाही," ती मला म्हणाली. मी दोन्ही प्रकार खाल्ले. का, ते अजून माहीत नाही. काहीतरी होईल म्हणून वाट पाहत बसले. काही झालं नाही. फॉर्म भरला, डार्ट ट्रेन पकडली, घरी येऊन भांडी घासली.

पुढच्या वसंतात गावाकडून रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी यायची. बाबांचं लशीचं रजिस्ट्रेशन त्यांना दाखवत करावं म्हणून मी स्क्रीन शेअर केली आणि चुकीची विंडो उघडली. कामाचे फोटो. लाल मांस, कडेला चरबी, एकाखाली एक रांगच्या रांग. मी बंद करायच्या आत बाबा चष्मा सावरत स्क्रीनजवळ आले.

"ही दुसरी गवतावरची नाही," ते म्हणाले. "शेवटी भरड चारली हिले."

बरोबर होतं. मग त्यांना आपण काय बघतोय ते कळलं असावं. त्यांनी आधार नंबर सांगितला, मी टाकला, लशीची तारीख मिळाली, फोन ठेवला.

त्यानंतरचे तीन आठवडे ते फोनवर फक्त हवामान विचारत होते. गाईंचं नाव नाही. मी पाऊस सांगायची, ते ऊन सांगायचे. रागावले असते तर बरं झालं असतं. फ्लाइट नव्हत्या, जाऊन समोर बसण्याची सोय नव्हती. आणि समोर बसून तरी मी काय बोलणार होते?

मग एका दुपारी, दुसरं काही बोलता बोलता, त्यांनी विचारलं, "चवीत फरक पडते का वं? चाऱ्याचा?"

चाळीस वर्षं चारा विकलेल्या माणसाचा प्रश्न होता. त्यांना दूध माहीत होतं, तूप माहीत होतं. हे माहीत नव्हतं. ठाऊक नाही, मी चाखलेलं नाही, म्हटलं असतं तर दोघांची सुटका झाली असती. त्यांनी प्रश्नच तसा केला होता, मला पळायला दार उघडं ठेवून.

"पडतो, बाबा," मी म्हणाले.

मागे दुकानात कुणीतरी पोतं टाकल्याचा आवाज आला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगत गेले. गवतावरचं जरा उग्र, भरडीवरचं मऊ, गोडसर. बोलता बोलता कित्येक महिन्यांनी मी रडले. ते थांबले, फोन ठेवला नाही. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी वर्धा म्हणत नाही आणि सिटीवेस्टही म्हणत नाही. एक माणूस खुर्ची ओढून बसला होता, तेवढंच मला सांगता येतं.