पिलांनी आधी पाहिलेला हात

निपाणीकडची ठकुबाई देवनहळ्ळीजवळच्या एका संशोधन केंद्रात सहा वर्षं पिलांची देखभाल करत होती. तिथं उबवणीच्या यंत्रात कोंबडीची अंडी पूर्ण काळोखात फुटायची. एका दिवसाचं पिलू मग अरुंद पेटीत सोडायचं. पेटीच्या दोन टोकांना पडद्यावर दोन फुलं दिसायची. एकाच्या पाकळ्या चहूबाजूंनी सारख्या, दुसऱ्याच्या एकीकडेच गोळा झालेल्या. जगात काहीच न पाहिलेलं पिलू कुठल्या फुलाकडे धावतं, हे पुण्याहून आलेली श्वेता टिपून ठेवत होती.

"कुणी शिकवलेलं नसतानाही त्यांना काही सुंदर वाटतं का, ते बघायचंय, मावशी," तिनं सांगितलं होतं. म्हणून पेटीत जाईपर्यंत पिलांच्या डोळ्यांवर उजेड पडता कामा नये, हा नियम.

या खेपेला मात्र आक्रीत घडलं. पिलं फुलांकडे ढुंकून बघेनात. ठकुबाईचा हात पेटीतून बाहेर निघाला की तिच्या हिरव्या बांगड्यांमागे धावायची, काचेवर चोची मारायची. ओळीनं सात पिलांचं तसंच झालं.

"स्क्रीनचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे," म्हणत श्वेता वायरी तपासू लागली.

ठकुबाईला कारण ठाऊक होतं. काल दुपारी ती एकटीच होती. अंडी चाचपताना कवचात अडकलेलं एक पिलू बोटांना लागलं. चोच बाहेर, अंगाला पापुद्रा चिकटलेला. काळोखात सोडवायला जमेना, तेव्हा तिनं मोबाइलचा दिवा लावला. पिलू वाचलं, पण भोवतालची पिलं टकमक तिच्या हाताकडे बघत होती. पिलू पहिल्यांदा जे बघतं त्याच्याच मागे लागतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. नोकरी गेली तर या वयात कोण ठेवून घेणार? पण श्वेता तिसरी वायर उपसायला वाकली आणि ठकुबाईला राहवेना.

"स्वल्प थांबा, मॅडम. चुकलं माझंच की ओ." तिनं सगळं सांगून टाकलं.

श्वेतानं हातातली वायर खाली टाकली. "तीन आठवडे पाण्यात गेले, मावशी! आणि हे आत्ता सांगताय?"

"भ्याले होते."

दोन दिवस श्वेता कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी ती चहाचे दोन कप घेऊन आली.

"तुम्ही बोलला नसतात, तर मी स्क्रीनच उघडत बसले असते," ती म्हणाली. "पण तरी दिवा लावायला नको होता."

"मग मरू द्यायचं होतं काय त्याला?"

श्वेता तिच्याशेजारी बसली. चहा संपेपर्यंत दोघींनी मिळून तोड काढली. अडकलेलं अंडं झाकणाच्या डब्यात घालून शेजारच्या खोलीत न्यायचं आणि तिथं उजेडात सोडवायचं. ते पिलू प्रयोगात धरायचं नाही, पण वाढवायचं.

पुढच्या खेपेला अशी दोन निघाली. दोन्ही जगली. उरलेल्यांतलं पहिलं पिलू पेटीच्या मधोमध बराच वेळ उभं राहिलं. मान वाकडी करून त्यानं एका डोळ्यानं एक फूल पाहिलं, दुसऱ्यानं दुसरं, आणि सारख्या पाकळ्यांच्या फुलाकडे तुरुतुरु निघालं.

श्वेतानं नोंद केली. ठकुबाई पुढचं पिलू आणायला अंधाऱ्या खोलीत शिरली.