हिरव्या माणसाखालचं नाव

आमचे आप्पा, म्हणजे खंडेराव पेंटर, यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली. शहरातल्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांमागे त्यांची टपरी होती. ट्रकच्या पाठीवर मालकाच्या पोरांची नावं, दुकानांच्या पाट्या, निवडणूक आली की भिंती. घर मखमलाबादचं, मेथी-कोथिंबीर पिकवणारं. पण आप्पांचं मन वाफ्यात कधी रमलं नाही. रंगाचे डाग पडलेली पँट घालून घरी आले की आजी म्हणायची, "शेतात मळला असतास तर धुऊन तरी निघालं असतं." आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत. थकलेल्या माणसाला भांडण परवडत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

मनात मात्र त्यांच्या एकच होतं. एक तरी चित्र आपल्या डोक्यातलं असावं आणि त्याखाली आपलं नाव असावं. जेवताना ते हे सांगत, आणि मी आणि धाकटा ओम तोवर भाजी वाढून घेत असू.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात इंदिरानगरला एका बाईंनी बंगल्यात बालवाडी काढली. त्यांना भिंतीवर परग्रहावरचा माणूस हवा होता, गोड दिसणारा, पोरांना आवडेल असा. आप्पा घरी येऊन मला विचारू लागले, "प्रतिभा, तो कसा असतो गं?" मी नववीत होते. म्हटलं, "कुणी पाहिलाय, आप्पा? तुम्ही काढाल तसा." त्यांचा चेहरा असा खुलला की मला तो अजून दिसतो. ज्याचा नमुना कुणाकडेच नाही असं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तो बसवला, आणि मला शेजारी बसवून माझ्याकडूनही काढून घेतला. "आधी अंडं काढ, निमुळतं टोक खाली. ही झाली हनुवटी. आता मधोमध एक उभी रेघ, एक आडवी, पुसटशी. आडव्या रेघेवर डोळे बसतील, पण आत्ता नाय. खाली भोपळ्यासारखं पोट. मान काडीएवढीच ठेव, म्हंजी डोकं जड वाटतं, बघणाऱ्याला हसू येतं. हात लांब, बोटं तीनच." डोक्यावरच्या शिंगांपाशी ते अडले. मग त्यांनी कांद्याचे डेंगळे काढले, बियाण्यासाठी शेतात ठेवतात तसे, लांब दांड्यावर गोल गोंडा. शेती सोडलेल्या माणसाच्या हातून ते आपसूक उतरले. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे काढले की चित्र बघायला लागतं, मग त्याला हात लावायचा नाही, असा त्यांच्या लाइनीतला नियम.

भिंतीवर तो उभा राहिला तेव्हा पोरं त्याच्या तीन बोटांवर टाळी देऊन वर्गात जायची. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'खंडेराव, द्वारका' लिहिलेलं. आप्पा आईला सायकलवर डबलसीट बसवून ते नाव दाखवायला घेऊन गेले होते.

काही वर्षांनी बालवाडी बंद पडली, बंगला बिल्डरने घेतला. पाडापाडीत ती एक भिंत रस्त्याच्या बाजूचा आडोसा म्हणून राहिली, आणि कामावरच्या मजुरांनी आप्पांच्या हिरव्या माणसाला नजरेचा राक्षस ठरवून टाकलं. नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ना, तो. हिरवं तोंड, मोठे डोळे, डोक्यावर शिंगं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी त्याच्या गळ्याशी लिंबू-मिरची बांधली, शेजारी काळी बाहुली लटकवली. इमारत एकही अपघात न होता उभी राहिली आणि आप्पांचं नशीब फुटलं.

ठेकेदार त्यांना शोधत टपरीवर येऊ लागले. पाथर्डी फाटा, अंबड, गंगापूर रोड, जिथे नवा स्लॅब पडेल तिथे हिरवा माणूस हवा. कुणी म्हणे दात दाखवा, कुणी म्हणे जीभ लांब करा. पहिल्याच ठिकाणी आप्पांनी खाली नाव घातलं, ते मुकादमाने थापीने खरवडून काढलं. "पेंटर, याच्याखाली नाव घालत्यात का? सगळ्यांची नजर याच्यावर पडणार. खाली ज्याचं नाव, त्याला ती लागणार."

शेजारच्या टपरीतला कुंदन पेंटरही म्हणाला, "बरोबर हे त्याचं. ट्रकच्या राक्षसाखाली आपण कधी नाव घालतो का?"

आप्पांना हे ठाऊक होतंच. आपला माणूस राक्षस नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

तेवढ्यात फ्लेक्स आला. पाट्या रंगवून घेणारे दिसेनासे झाले आणि घर राक्षसावर चालू लागलं. शहरभर आप्पांचं चित्र, आणि शहराला त्यांचं नाव माहीत नाही. बसमधून जाताना मी बोट दाखवायचे, "आप्पा, तुमचा." खिडकीबाहेर न बघता ते म्हणायचे, "असू दे." मला त्या 'असू दे'चा भयंकर राग यायचा.

दोन हजार सातला मखमलाबादला आमच्या वाटणीच्या तुकड्यावर आम्ही दोन खोल्या बांधल्या. मी नोकरीला लागले होते, बोलायची हिंमत आली होती. हट्टच धरला. "आपलं घर, आपली भिंत. तुमच्या मनातला काढा आणि खाली नाव घाला. बघू कोण खरवडतं."

आप्पांनी तो काढला. दात नाहीत, जीभ नाही, बालवाडीतला होता तसा हसरा. शेवटी डोळे काढले. मग बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून ते कोपऱ्याशी वाकले आणि तसेच राहिले. आई दारात उभी होती. शेवटी आप्पांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुचकळला आणि फडक्याला पुसला.

"आप्पा, हा राक्षस आहे का?"

"छे. माझ्या डोक्यातनं निघालाय तो. मला नाय ठाऊक, तर कुणाला?"

"मग घाला की नाव."

"तुझ्या अन् ओमच्या नावापुढं माझंच नाव लागतं ना," आप्पा म्हणाले. "अन् नजर काय विचारून लागती?"

मला रडू आलं, आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी फडकं उचलून घेतलं. आप्पांनी शिडी खांद्यावर टाकली आणि निघाले. अंबडच्या एका इमारतीवर दात रंगवायचे राहिले होते.