ताईची काळी चार

"उमाळकरजी, ताई अजूनही वर चढून राहिली आहे," डांगरे फोनवर म्हणाले.

पंधरा दिवसांतली ही त्यांची तिसरी तक्रार. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण कुसुमताई, आणि त्या वर चढत होत्या रेकॉर्डवर. तरुणपणी नागपूरला त्यांनी दोन भक्तिगीतं गायली होती. त्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली होती. मी दुरुस्त केलेल्या त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर ती लावली की ताईंचा आवाज वरच्या पट्टीत जातो, असं डांगऱ्यांचं म्हणणं.

"डांगरेजी, मशीनची स्पीड मी स्वतः सेट केली आहे. परफेक्ट आहे."

"असेल जी. पण ताई काळी चार पट्टीत गायची. मी पेटी घेऊन बसलो. काळी चार आणि पांढरी सहाच्या मधेच कुठेतरी लटकून राहिला तिचा आवाज."

"पेटी शेवटची कधी ट्यून केली होती?"

ते गप्प झाले. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

का बरं वाटलं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी एकतीस वर्षं कॅलिब्रेशनमध्ये काढली. जबलपूरला खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जायचो आणि दिवसभर मोजायची साधनं तपासायचो. कारागीर ज्या गेजने माल मोजतो, ते गेज तरी बरोबर आहे का, हे बघणारा माणूस म्हणजे मी. रिटायर झाल्यावर तिलवारा रोडला घर बांधलं. पुढच्या खोलीत बाक टाकला आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायला लागलो. जबलपुरात हे काम करणारं फारसं कोणी उरलेलं नाही. स्वतःचा संग्रहही आहे. चारशेच्या वर रेकॉर्ड. प्रत्येक धुतलेली, प्रत्येकीला आतून नवीन कागदी पाकीट. कोणत्या रेकॉर्डवर कुठे ओरखडा आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकतो.

फक्त एक गोष्ट मला येत नाही. सूर कळत नाही. गाणं आवडतं, पण कोणी म्हटलं की बघा, इथे गंधार कसा लागला, तर मी मान हलवतो. एवढंच.

राइट टाउनमध्ये एक जुने डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडे सुंदर मशीन होती आणि एक ट्रंक भरून रेकॉर्ड. आठ वर्षं मी ती मशीन सांभाळली. दर सहा महिन्यांनी जायचो, सुई तपासायचो, मोटरला तेल द्यायचो, चहा पिऊन यायचो. येताना ट्रंकेकडे एकदा बघून यायचो. त्यात सारंगीची एक लाँगप्ले होती, करड्या कव्हरची. ती मी नागपूरच्या जुन्या बाजारापर्यंत शोधली आहे. कुठे मिळाली नाही. डॉक्टरांना मी कधी मागितली नाही. पण मनात हिशेब होता की कधीतरी ही माझ्याकडेच येणार. दुसरं कोण आहे?

दुसरे डांगरे होते. डॉक्टरांचे शेजारी, रेल्वेतून रिटायर झालेले. दर गुरुवारी संध्याकाळी ते डॉक्टरांसोबत ऐकायला बसायचे. ताईंची ती रेकॉर्डही तिथेच नेऊन लावायचे, कारण त्यांच्या घरी मशीन नव्हती. मी सकाळी मशीनच्या मागे बसायचो, ते संध्याकाळी मशीनच्या समोर.

डॉक्टर गेले. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. मी स्कूटर काढली ती जवळजवळ पळवतच नेली. बैठकीत ट्रंक नव्हती.

"काका, पापा बोल के गए थे, रेकॉर्ड डांगरे अंकल को जाएँगी," ती म्हणाली. "वो ध्यान से सुनते हैं ना."

"आणि मशीन?"

"मशीन भी. बंद पड़ी है. आप तो रिपेअर कर ही देंगे ना?"

ध्यान से सुनते हैं! परतीच्या रस्त्यावर मी ते वाक्य घोळवत राहिलो. ज्या माणसाला रेकॉर्ड कडेने धरायची असते हेसुद्धा धड माहीत नाही, जो अंगठा सरळ रेघांवर ठेवतो, त्याला ट्रंक. आणि मला रिपेअर.

तरीही काम मी चोख केलं. त्यात कधी कसर ठेवली नाही. बेल्ट सैल झाला होता, तो बदलला. मोटर साफ केली. नवीन सुई लावली. मग स्पीड.

स्पीड सेट करण्याची जुनी युक्ती आहे. कागदाच्या गोल चकतीवर ठरावीक काळ्या रेषा छापलेल्या असतात. ती चकती मशीनवर ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली फिरवायची. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे ट्यूबलाइट डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने लुकलुकते. चकतीचा वेग बरोबर असला की त्या लुकलुकीत रेषा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. पुढे सरकल्या तर मशीन फास्ट, मागे सरकल्या तर स्लो. त्या दुपारी मी स्क्रू फिरवून रेषा थांबवल्या आणि मशीन पोचवून आलो.

चार दिवसांनी पहिला फोन. मी म्हटलं, नवीन बेल्ट आहे, बसू द्या जरा.

आठ दिवसांनी डांगरे स्वतःच मशीन मांडीवर घेऊन ऑटोने आले. दुपारची वेळ होती. मी त्यांच्यासमोर चकती फिरवली.

"हे पाहा. रेषा थांबल्या आहेत की नाही?"

ते वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"रेषा तर थांबल्या आहेत," ते म्हणाले. "ताई नाही थांबली."

मला राग आला. या माणसाला ट्रंकही मिळाली, आणि वर मला मोजायला शिकवून राहिला? मी म्हणालो, "डांगरेजी, वयाप्रमाणे कानात फरक पडतो. एकदा दाखवून घ्या."

हे म्हणायची काही गरज नव्हती. त्यांनी मशीन उचलली आणि निघून गेले.

आणि आता हा तिसरा फोन. पेटीच्या प्रश्नावर गप्प झालेले डांगरे थोड्या वेळाने म्हणाले, "कानवाल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी मशीनमध्ये बसवून टेस्ट केली. नॉर्मल आहे म्हणाले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रविवारी ताई येऊन राहिली आहे नागपूरहून. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, माहीत आहे ना तुम्हाला? कुजबुजल्यासारखं बोलते. तिला रेकॉर्ड ऐकायची आहे. फक्त एवढं सांगा, तिच्यासमोर लावू का नको लावू?"

"उद्या दुपारी घेऊन या," मी म्हणालो. मदत करायची म्हणून बोलावलं असं वाटेल कोणाला. तसं नव्हतं. मला त्यांना पुन्हा एकदा, शेवटचं, खोटं पाडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ते आले. मी चकती ठेवली, ट्यूब लावली, मशीन सुरू केली. रेषा भिंतीवरच्या खिळ्यासारख्या गच्च. मी हात बांधून उभा राहिलो.

तेवढ्यात माझी बायको मंगला पन्हं घेऊन आली. ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, "लाइट गेली का हो?"

"ट्यूब दिसून नाही राहिली का तुला?"

"मग पंखा काहून घुरघुरून राहिला? इन्व्हर्टरवर असला की असाच करते तो."

"मघापासून ऐकतोय मीही," डांगरे म्हणाले. "मला वाटलं, तुमचा पंखाच तसा आहे."

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. मला काही ऐकू आलं नाही. आतल्या खोलीत जाऊन पाहिलं तर इन्व्हर्टरचा लाल दिवा लागलेला. आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज पडतं. फार पडलं की इन्व्हर्टर आपोआप बॅटरीवर जातो. ट्यूब विझत नाही, त्यामुळे कळत नाही. म्हणजे मला कळत नाही.

हा इन्व्हर्टर मेहुण्याने नवीन घेतल्यावर मला दिलेला. जुना आहे. आत एक सर्किट असतं, ते विजेचे पन्नास हेलकावे स्वतः तयार करतं. आता ते पन्नासच करतं कशावरून?

मी मल्टिमीटर आणला. त्यावर हे हेलकावे मोजायची सोय असते. आकडा आला बावन्न.

दोनचा फरक. ऐकायला काही नाही. पण माझी ट्यूब जास्त वेगाने लुकलुकत होती, आणि त्या लुकलुकीत रेषा थांबवायच्या म्हणून मी मशीनच जास्त वेगाने पळवत होतो. खात्री करायला स्टॉपवॉच घेतलं. प्लॅटरच्या, म्हणजे फिरत्या थाळीच्या, कडेला कागदाचा तुकडा चिकटवला आणि फेऱ्या मोजल्या. शंभर फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं लागायला हवीत, म्हणजे एकशेऐंशी सेकंद. लागले एकशेत्र्याहत्तर. इतकी सोपी तपासणी. पहिल्या तक्रारीलाच करता आली असती. केली नाही, कारण तक्रार डांगऱ्यांची होती.

डांगरे पन्हं पीत बसले होते. बावन्न म्हणजे काय, त्यांना माहीत नव्हतं. मी ‘बेल्ट गडबड करून राहिला होता’ म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. मंगला दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"डांगरेजी," मी म्हणालो, "मशीन फास्ट आहे. पहिल्या दिवसापासून. ज्यावर भरवसा ठेवून मी स्पीड लावली, तेच चुकीचं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे ताई खरंच चढली होती?"

"हो."

"म्हणजे माझे कान..."

"एकदम ठीक आहेत."

मला वाटलं आता ऐकवतील. ऐकवायला हवं होतं त्यांनी. पण ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

"आठ दिवस झाले, ताईशिवाय मी काहीच लावलं नाही," ते म्हणाले. "ट्रंक उघडलीच नाही. वाटलं, आता आपल्याला काय खरं ऐकू येते आणि काय नाही, कोण सांगणार? टेस्टमध्ये तर नुसती टूं-टूं ऐकवतात. त्यात सूर थोडीच असते."

मी पेचकस हाती घेतला. थोडं फिरवायचं, शंभर फेऱ्या मोजायच्या, पुन्हा फिरवायचं. दीड तास लागला. एकशेऐंशीवर काटा आला तेव्हा डांगऱ्यांनी पिशवीतून ताईंची रेकॉर्ड काढली. अंगठा पुन्हा रेघांवर. मी दात दाबून बघत राहिलो.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला ते म्हणाले, "हं. उतरली."

मला काही फरक कळला नाही. तीच बाई, तेच गाणं. एकतीस वर्षं मोजमापात घालवलेला माणूस मी, आणि जे मोजायला मला मीटर, घड्याळ आणि दीड तास लागला, ते त्यांना एका ओळीत कळत होतं. चुकीची कबुली दिली की मन हलकं होतं म्हणतात. माझं नाही झालं. उलट आता नीट कळलं की मी नेमका कशावर जळत होतो. ट्रंकेवर नव्हतो.

रविवारी त्यांनी मलाही बोलावलं. कुसुमताई ऐंशीच्या घरातल्या, बारीक, गळ्याभोवती सुती स्कार्फ. मशीन लागली. त्यांनी एक बोट मांडीवर ठेवलं आणि ठेका धरला. दोन्ही बाजू संपेपर्यंत ते बोट थांबलं नाही. मग त्या पुढे झुकून काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, म्हणून डांगऱ्यांकडे पाहिलं.

"ती म्हणते, अंतऱ्यात श्वास चुकला होता, तो अजून तसाच आहे," डांगरे हसत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

ताईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण?

"उमाळकरजी. यांनीच मशीन ठीक करून दिली, ताई. जबलपुरात दुसरं कोणी नाही असं."

बिघडवलीही मीच होती, हे सांगायची त्यांना पूर्ण संधी होती. सांगितलं नाही. निघताना त्यांनी ट्रंक उघडून माझ्यासमोर ठेवली. "यातली कोणतीही एक घ्या. डॉक्टरसाहेबांची आठवण म्हणून."

करडं कव्हर वरून तिसरं होतं.

"नको नको," मी म्हणालो, "तुमच्याकडेच शोभतात."

तिलवाऱ्यापर्यंत पूर्ण रस्ताभर मी स्वतःला शिव्या दिल्या.

घरी येऊन रजिस्टर काढलं. इन्व्हर्टर आल्यापासून दुपारच्या वेळात मी अजून सहा मशीनची स्पीड लावली होती. सहाही जणांना फोन केले, चूक सांगितली, मशीन परत आणा म्हटलं. पाच जण म्हणाले, हमें तो कुछ पता नहीं चला. सहाव्याचं कॅफे आहे. तो म्हणाला, "अंकल, फास्ट ही रहने दीजिए, लोग टेबल जल्दी खाली करते हैं." तरीही सगळ्या मागवल्या आणि स्टॉपवॉचवर लावून परत दिल्या. आता ट्यूबखालची चकती मी फक्त अंदाजाला वापरतो, आणि तीही आधी मीटर बघून.

या धंद्यात पडणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. सहा गिऱ्हाइकं खूश आहेत म्हणून काम बरोबर आहे असं समजू नये. सातवा तक्रार करत असेल, आणि त्यातून तो आपल्याला आवडत नसेल, तर त्याची मशीन सगळ्यात आधी तपासावी.